किरकोळ दुरुस्ती

हेल्पर या शब्दाचा मला पहिल्यापासून राग आहे. ज्याला काम येतं त्याला मदतनीस कशाला लागतो, हा माझा सरळ हिशोब. तेरा वर्षं वेबसाइट बनवतेय आणि तेरा वर्षं हेच सगळ्यांना ऐकवतेय.

वेबसाइटवर ‘केंद्र निवडा’ लिहिलेल्या चौकटीवर बोट लावलं की खाली यादी उघडते ना, ती लिहायच्या दोन रीती आहेत. एक साधं मार्कअप: यादी इथे सुरू, हा पहिला पर्याय, हा दुसरा, यादी इथे संपली, असं सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं. दुसरी रीत हेल्परची. फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, त्याच्याबरोबर तयार फंक्शन मिळतं. त्याला एका ओळीत सांगायचं की मला यादी हवी, मग बाकीचं मागच्या मागे ते लिहून देतं. साच्यातला मोदकच तो. पाकळ्या सगळ्या एकसारख्या, पण करणाऱ्याला मोदक वळता येतो की नाही हे कधी कळत नाही. मी गिरगावातली. आमच्या घरी साचा नव्हता.

आमचं ऑफिस परळला, पूर्वी जिथे गिरणी होती त्या जागेवरच्या काचेच्या टॉवरात. गेल्या वर्षी एका धर्मादाय संस्थेची साइट आमच्याकडे आली. संस्थेची तीन डायलिसिस केंद्रं आहेत, गिरगाव, परळ आणि शिवडी. पेशंटने दर महिन्याला फॉर्म भरायचा, आपलं केंद्र आणि वेळ निवडायची, की मशीन त्याच्या नावावर राखून ठेवलं जायचं. साइट जुनी होती आणि तिचे फॉर्म सगळे हेल्परने लिहिलेले. मी टीम लीड. पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर केलं की हे सगळं काढून मी साधं, स्वच्छ मार्कअप लिहिणार.

मयूर तेवढा बोलला. मयूर लालबागचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कामाला चोख आणि स्वभावाने भिडस्त. म्हणाला, “नूपुर, फॉर्ममध्ये काही चुकलं आणि पान परत आलं, तर माणसाने आधी काय निवडलेलं ते हेल्पर तसंच ठेवतो. हाताने लिहिलं तर ते प्रत्येक ठिकाणी आपल्यालाच लक्षात ठेवायला लागेल.”

“मग ठेवू की लक्षात. तुला हाताने एचटीएमएल लिहिता येत नाही म्हणून हेल्पर लागतो का रे?”

आठ माणसं हसली. मयूरही हसला, कारण दुसरं करणार काय. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन दिवस बसून मी सगळी पानं लिहिली. देखणी झाली. कोणीही उघडावीत आणि पुस्तकासारखी वरून खाली वाचावीत, अशी. नाव, पत्ता, फोन, प्रत्येक चौकटीत आधीचा मजकूर परत यावा म्हणून लागतं ते सगळं मी घातलं होतं. स्वतःवर खूश होऊन मी खाली जाऊन दोन कटिंग चहा प्यायले.

साइट सुरू झाली आणि सहा आठवडे काही तक्रार आली नाही. मग एका बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास संस्थेतून कालिंदीताईंचा फोन आला. केंद्रांचं वेळापत्रक त्याच बघतात.

“अगं, काल शिवडीला एक आजोबा आले, कुशाबा म्हणून. चौऱ्याहत्तर वर्षांचे. बघतो तर यादीत नावच नाही. शोधलं तर गिरगावच्या यादीत! तिकडे मशीन त्यांची वाट बघत रिकामं, आणि इकडे सगळी मशीनं भरलेली. त्यांना टॅक्सीत घालून गिरगावला पाठवेपर्यंत तिकडचं मशीन दुसऱ्याला दिलेलं. बिचारे घरी गेले, तर संध्याकाळी धाप लागली. मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, ऑक्सिजन लावला. आज दुपारी घरी आलेत.”

“बरे आहेत ना आता?”

“आहेत. पण ठाम सांगतायत, मी शिवडीच निवडली होती. तू जरा बघतेस का?”

मी नोंद उघडली. केंद्राच्या जागी स्वच्छ लिहिलेलं होतं, गिरगाव. “नाही ताई, इथे गिरगावच आहे. साइट बरोबर आहे,” मी म्हटलं, आणि वर म्हटलं, “या वयात होतं असं.”

“मलाही तेच वाटलं. मेसेजपण गेलेला त्यांना, गिरगाव म्हणून. पण तो इंग्रजीत, कुठे वाचणार. फॉर्म भरतानाच गोंधळले असतील. फोन नंबर म्हणे मराठी आकड्यांत टाकला होता, मग पान परत आलं, मग इंग्रजीत टाकला. ठीक आहे, मी त्यांच्या सुनेला कळवते.”

फोन ठेवला आणि मी फॉर्म उघडला.

मराठी आकडे. फोनचा कीबोर्ड मराठीत ठेवून, नाव-पत्ता मराठीत लिहून झाल्यावर माणूस नंबरही मराठीतच टाकणार, ९८ आणि पुढे. आमच्या फॉर्मला फक्त इंग्रजी आकडे कळायचे. तो म्हणायचा, नंबर चुकीचा आहे, आणि पान परत यायचं. मी स्वतः करून पाहिलं. नाव लिहिलं, केंद्र शिवडी निवडलं, मराठी आकड्यांत नंबर टाकला आणि बटण दाबलं. पान परत आलं. नाव होतं, पत्ता होता, नंबराखाली लाल अक्षरांत सूचना होती. आणि वरच्या यादीत शिवडी नव्हती. यादीतला पहिला पर्याय तिथे गुपचूप येऊन बसला होता, गिरगाव.

सगळ्या चौकटींत मी ती तरतूद केली होती. एका यादीत नव्हती केली. हेल्परने ती न सांगता केली असती.

माणसाचं लक्ष लाल अक्षरांकडे जातं. तो नंबर दुरुस्त करतो आणि पुन्हा बटण दाबतो. आपण जे बरोबर भरलं होतं ते कोणी मागून बदललं असेल, असं कोणाच्या मनात येईल? मी बाकीच्या नोंदी धडाधड तपासल्या. ज्यांचं पान परत आलं होतं त्यांतल्या बाकीच्यांनी केंद्र पुन्हा निवडलं होतं, किंवा त्यांना गिरगावच हवं होतं. राहिले एकटे कुशाबा.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. सव्वाचारला मी ती साइटवर चढवली. काय बदललं हे प्रत्येक वेळी टीमच्या नोंदीत एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती’.

कालिंदीताईंना लगेच फोन करायचा होता. नंबर काढलासुद्धा. समोर मयूर हेडफोन लावून बसला होता. आता त्याच्यादेखत बोलायचं, की शिवडी कुठे गेली ते मला कळलंय, आणि का गेली तेही? म्हटलं, उद्या करू. उद्या म्हटलं, आता दुरुस्त तर झालंय. परवा म्हटलं, आजोबा बरे आहेत, मग उगाच कशाला. माणूस स्वतःला किती गोडीने समजावू शकतो याचा मला त्या दिवसांत चांगला अनुभव आला.

पुढच्या आठवड्यात कालिंदीताईंचा पुन्हा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाल्या, “त्या कुशाबांचं वाईट वाटतं गं. घरच्यांनी मोबाइल काढून घेतला. चाळीतला पाण्याचा वॉल्व्ह इतकी वर्षं तेच उघडायचे, त्याची चावीपण त्यांनी स्वतःहून देऊन टाकली. म्हणतात, मला शिवडी निवडल्याचं अजून डोळ्यांसमोर दिसतं, आणि ऑफिसातल्या बाई सांगतात की मी गिरगाव निवडलं, म्हणजे माझं डोकंच गेलं. आता स्मरणशक्तीची तपासणी करायला नेणार आहेत.”

ऑफिसातल्या बाई म्हणजे मी.

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी “अरेरे” म्हटलं. खरंच म्हटलं. त्या ‘अरेरे’ची मला अजून लाज वाटते. त्यानंतर जेवण जाईना. आई विचारी, ऑफिसात काही झालं का, आणि मी तिच्यावरच खेकसे. मयूरने चहा विचारला तरी मला वाटायचं, याला ठाऊक आहे.

शेवटी पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी, कालिंदीताईंकडून पत्ता घेऊन मी शिवडीला गेले. त्यांना वाटलं, मी आजोबांना फॉर्म शिकवायला चाललेय. मी तसंच वाटू दिलं.

चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. आकांक्षाने, म्हणजे कुशाबांच्या सुनेने, दार उघडलं. आत कुशाबा खाटेवर बसले होते, किडकिडीत, पांढरीशुभ्र बंडी, हातावर डायलिसिसच्या सुयांनी झालेल्या गाठी. मी बसले आणि भिंतीकडे लक्ष गेलं. जागोजागी वहीचे कागद चिकटवलेले होते, मोठ्या अक्षरांत. ‘गॅस बंद केला?’ ‘चष्मा खिशात.’ ‘मंगळ, शुक्र – शिवडी.’ दाराच्या आतल्या बाजूला: ‘बाबा, एकटे बाहेर जाऊ नका.’

“हे आताच लावलेत,” आकांक्षा हळू आवाजात म्हणाली. “त्या दिवसानंतर.”

चहा आला. मला भरलेला कप, कुशाबांना दोन घोट. त्यांना पाणी मोजून असतं. ते दोन घोट त्यांनी इतके सावकाश घेतले की माझा चहा गार झाला.

“आजोबा,” मी म्हटलं, “तुम्ही शिवडीच निवडली होती. चूक फॉर्मची होती. मराठी आकड्यांमुळे पान परत आलं, तेव्हा शिवडी जाऊन आपोआप गिरगाव आलं. तुम्ही निवडलेलं टिकवायची सोय त्यात करायची राहून गेली होती.”

ते हसले. इतकं मायाळू हसले की मला रडू यायला लागलं.

“ऱ्हवं दे गो बाय. तू माझ्या समाधानासाठी सांगतेस, कळतंय मला. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून.”

“नाही हो आजोबा, खरंच सांगतेय.”

“ताई, तुम्ही एवढ्या लांब आलात, बरं वाटलं,” आकांक्षा म्हणाली. “पण त्यांना असं काही सांगू नका. आधी संस्थेतनं फोन आला, ऑफिसमधल्या मॅडमनी चेक केलंय, साइट करेक्ट आहे. आता कुठे त्यांनी मान्य केलंय. परत तेच सुरू झालं तर डॉक्टरकडे यायला तयार नाही होणार.”

“चेक करणारी मीच होते. थांबा, दाखवते तुम्हाला.”

मी फोन काढला, फॉर्म उघडला आणि त्यांच्याजवळ खाटेवर जाऊन बसले. नाव लिहिलं, कुशाबा. केंद्र निवडलं, शिवडी. मराठी आकड्यांत नंबर टाकला. आकांक्षाही वाकून बघायला लागली. बोट बटणावर पडलं आणि त्याच क्षणी मला आठवलं.

पान परत आलं. नंबराखाली लाल अक्षरं आली. आणि यादीत शिवडी जागच्या जागी होती. मीच दुरुस्त केलं होतं ते, नीट, पक्कं.

“बघ,” कुशाबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बरोबर तर चाललंय. शिवडीची शिवडीच आहे. माझंच चुकलं गो. तू नको वाईट वाटून घेऊस.”

तो हात मला सोसवेना. माझ्या हातात आता काहीच उरलं नव्हतं. नोंदीत गिरगाव होतं, साइट नीट होती, आणि मी एक दयाळू खोटारडी ठरले होते. मला एकच माणूस आठवला. मी मयूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“मयूर, केंद्राच्या यादीत आधीची निवड टिकत नव्हती. मी लिहिलेल्या पानात. तू मीटिंगमध्ये सांगितलं होतंस तेच. माझ्याकडून राहून गेलं.”

तो म्हणाला, “माहितेय मला. तू पंधरा दिवसांपूर्वी नीट केलंस ना ते. ‘किरकोळ दुरुस्ती’. बुधवारी, सव्वाचारला. मी बघितलेलं. म्हटलं, सांगेल स्वतःहून.”

“त्याच्यामुळे एका पेशंटचं केंद्र बदललं रे. त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. मी आत्ता त्यांच्याकडेच बसलेय.”

“काय?” मयूरचा आवाज एकदम चढला. “हे तू कोणालाच नाय सांगितलंस? मला माहीत असतं तर मी... अगं नूपुर, काय केलंस हे!”

“सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू दुरुस्तीआधीचं जुनं पान काढून ठेव. यांना दाखवायचंय.”

“ठेवतो,” तो म्हणाला आणि फोन कट झाला.

जुनं पान दाखवायची गरजच उरली नव्हती. मयूरने मला झापलं ते दोघांनीही ऐकलं होतं, आणि त्या आवाजात दया-बिया काही नव्हती. पाठीवरचा हात कुशाबांनी कधी काढून घेतला ते मला कळलं नाही.

“म्हणजे मी शिवडीच दाबली होती,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि तुला बुधवारी कळलं.”

“हो.”

“बुधवारी मी हास्पिटलातनं घरी आलो. गुरवारी चावी दिली.” ते बोटं मोजत होते. “शनवारी हिने हे कागद लावले. त्याच्या पुढल्या गुरवारी मी गॅसजवळ उभा होतो, आणि बंद केला की नाय तेच सांगता येईना. चांगला बंद होता. तरी चार वेळा जाऊन बघितला. आधी असं कधी नव्हतं माझं.”

आकांक्षा पदर तोंडाला लावून उभी होती. “बाबा,” एवढंच म्हणाली.

“आजोबा, मला माफ करा,” मी म्हटलं. “मी घाबरले. ऑफिसात माझं हसं होईल म्हणून गप्प बसले.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी सुनेकडून वही आणि पेन मागून घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“लिहून दे. मराठीत लिही. काय झालं ते, आणि तुला कधी कळलं ते. खाली सही कर.”

मी लिहायला लागले. कित्येक वर्षांत हाताने इतकं मराठी लिहिलं नव्हतं, अक्षर शाळेतल्या मुलीसारखं वेडंवाकडं येत होतं. श्री. कुशाबा यांनी फॉर्ममध्ये शिवडी केंद्रच निवडले होते. त्यांची निवड टिकवण्याची सोय फॉर्ममध्ये करायची राहून गेली, त्यामुळे केंद्र बदलले. ही गोष्ट मला बुधवारीच समजली होती, पण मी पंधरा दिवस कोणाला सांगितली नाही. सही करून वही त्यांच्याकडे दिली.

त्यांनी चष्मा लावला. एकेका शब्दावर बोट ठेवत, ओठ हलवत वाचलं. मधेच बोट थांबलं.

“हे काय? ‘राहून गेली.’”

“म्हणजे तेवढं करायचं राहिलं.”

“राहिलं म्हणजे? आपसूक राहिलं?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “पंधरा दिवस या घरात एकच शब्द चाललाय. विसरतात, विसरले, विसरतील. माझ्या बाबतीत कोणी ‘राहून गेलं’ म्हणालं नाय. कोण विसरलं ते लिही.”

मी वही घेतली. ‘करायची राहून गेली’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘करायला मी विसरले’. पेन थोडं अडलं, म्हणून ‘मी’ दोनदा गिरवावा लागला.

त्यांनी ते पुन्हा वाचलं, मान हलवली आणि वही आकांक्षाच्या हातात दिली.

“गॅलरीत जा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच,” ते म्हणाले. “सगळे घरातच आहेत आज.”

आकांक्षाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती बाहेर गेली, तिने एकदा घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. शेजारची दारं उघडल्याचे आवाज आले. कुशाबा खाटेवर ताठ बसून ऐकत होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसून होते. ‘मी विसरले’ तिने दोनदा वाचलं, कारण कोणीतरी बाहेरून विचारलं, “कोण विसरलं?”